शांत्याच्या डब्यातला रोटर

शांताराम काल गेला. आणि आज मला कळलं की तो माझ्याशी पासष्ट वर्षं खोटं बोलत होता.

रडू येतंय, पण मधेच थांबतं. राग येतो, तोही टिकत नाही.

मी अशा पोस्ट लिहीत नाही. आज कुणाला सांगावं ते कळेना, म्हणून लिहितोय.

शांताराम गिरणीत वायरमन, मी त्याच गिरणीच्या ऑफिसात क्लार्क. लालबागच्या चाळीत समोरासमोर खोल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांना जायचो तेही बरोबरच.

गिरगावातल्या एका डॉक्टरांनी त्यांची बंद पडलेली जुनी मोटार आम्हाला दिली. "न्या बाबांनो, माझी जागा तरी मोकळी होईल."

गाडी आमच्याहून वयाने मोठी. कापडी टपाची, पुढून हँडल मारून सुरू करायची. टप कुलाब्याच्या कोळीवाड्यात शिडं शिवणाऱ्याने शिवून दिला. दीड वर्ष दर रविवारी आम्ही दोघं तिच्याखाली पाठीवर.

कामाची वाटणी ठरलेली. वीज त्याची, पेट्रोल माझं. दुसऱ्याच्या भागाला हात लावायचा नाही.

त्याची एक सवय होती. गाडीतून काहीही काढलं की त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. कुठून काढलं, का काढलं.

"अरे, एक स्क्रू आहे तो."

"तुझ्या डोक्यातला आहे. हरवला तर कुठला ते कळायला नको?"

मग महाराष्ट्र होणार हे ठरलं. मुंबईसह. एक मेला चाळीची मिरवणूक, आणि सगळ्यात पुढे आमची गाडी, असा शब्द मी मंडळाला देऊन आलो.

शांतारामला न विचारता.

तो भडकला. "माणसांच्या चालीने, पहिल्या गिअरवर नेणार? पाणी उकळेल. इंजिन जाम होईल रे मधू!"

"हळूहळू नेऊ."

"आणि मागे कोणाला बसवणार?"

"बाबीदादाला. त्यात काय विचारायचं?"

बाबीदादा त्याचा थोरला भाऊ. फाउंटनला गोळीबार झाला तेव्हा त्याच्या पायात गोळी लागली होती. लंगडत चालायचा. गाडीत बसायला तो तयारच नव्हता.

"माका कित्याक मिरवतास? मी काय गणपती?"

मी ऐकलं नाही. तो ऐनवेळी बसेल, असं धरून चाललो.

त्या सकाळी सगळी चाळ रस्त्यावर. ढोल-ताशे तयार.

मी हँडल मारलं. काही नाही.

पुन्हा मारलं. काही नाही.

शांतारामने बॉनेट उचलून डोकं आत घातलं. "माझ्याकडे सगळं ओके. तुझंच काहीतरी."

म्हणजे पेट्रोल.

मी भर रस्त्यात कार्ब्युरेटर उघडला, पुसला, बसवला. तीन वेळा. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात.

वरच्या गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "मधू, तिकडे गुजरातपण सुटलं, तुझी गाडी अजून इथेच!"

सगळी चाळ हसली.

शांताराम शेजारीच उभा होता. स्वतःच्या रुमालाने माझा घाम पुसत होता. "मार, अजून एकदा मार."

शेवटी गाडीला दोरखंड बांधला आणि लोकांनी ती परळच्या नाक्यापर्यंत ओढत नेली. स्टिअरिंगवर शांताराम. मी मागून ढकलतोय.

दोर ओढणाऱ्यांत सगळ्यात पुढे बाबीदादा. त्याच्या चालीने दोर, दोराच्या चालीने गाडी, आणि गाडीमागे सगळी मिरवणूक.

पुढच्या रविवारी गाडी एका हँडलला सुरू झाली.

"आज नीट बसला तुझा कार्ब्युरेटर," तो म्हणाला. मी मान्य केलं.

त्यानंतर गाडी गेली. बाबीदादा गेला. चाळ सुटली. पण दर एक मेला त्याचा फोन यायचा.

"काय मधूशेठ, कार्ब्युरेटर पुसला का?"

मी हसायचो.

खरं सांगायचं तर त्या दिवसानंतर मी चारचौघांत कसलीच हमी घेतली नाही. ऑफिसात नाही, घरातही नाही. ऐनवेळी माझ्याच हातून काहीतरी राहतं, असं मनात बसलं ते बसलंच.

आज त्याच्या मुलीने, सुजाताने, पत्र्याचा एक छोटा डबा हातात दिला. "काका, यावर तुमचं नाव आहे."

आत गाडीचा रोटर. अंगठ्याएवढा काळा तुकडा. तो काढला की प्लगपर्यंत ठिणगी जात नाही. मग कार्ब्युरेटर तीनदा पुसा नाहीतर तीनशेदा.

त्याला दोरा. दोऱ्याला चिठ्ठी. शांतारामचं अक्षर.

"डिस्ट्रिब्युटरमधून. मिरवणुकीच्या सकाळी मुद्दाम काढला. मधूला सांगणे."

पुढच्या रविवारी त्याने जादाचा बसवला असणार. सुटे भाग त्याच्याच ताब्यात असायचे.

सुजाता म्हणाली, "बाबा दरवर्षी म्हणायचे, या एक मेला काकांना सांगून टाकतो. मग फोन ठेवून हसत बसायचे. कधीकधी म्हणायचे, राहिलंच परत."

प्रत्येक चिठ्ठीवर 'का काढलं' ते लिहायचा. या एकीवर तेवढंच नाही.

इंजिन वाचवायचं होतं? की मी न विचारता शब्द दिला, त्याचा राग?

दुपारपासून एक गोष्ट आठवतेय. त्या दिवशी दोरखंड शोधायला कुणी गेलंच नव्हतं. तो गाडीतच होता, मागच्या सीटखाली. कुणी ठेवला, हे मी आजवर विचारलं नाही.

म्हणजे बाबीदादासाठी? त्याला मिरवायचं नव्हतं, चालायचं होतं, म्हणून?

मग मला सांगायला काय झालं होतं? मीच काढून दिला असता रोटर.

कदाचित नसता दिला. मंडळाला शब्द दिला होता ना मी.

कळत नाही. आज खरंच काही कळत नाही.

रोटर घरी आणलाय. त्याची चिठ्ठी सोडवली नाही. तिच्याशेजारी माझी एक बांधली.

"मिळाला. मधू."

शांत्या, मी कार्ब्युरेटर नीट पुसला होता रे. तीनही वेळा.

आता एक मेला फोन येणार नाही. सुखाने जा. माझा शेवटचा नमस्कार.