सैन्य पाठवा, पण ठरावात माझी ओळही लिहा

बायांनो, आज ग्रामसभेत मी अर्ध्या गावाचा राग ओढवून घेतला.

आधी शेतात जाणाऱ्या पांदण रस्त्याचा विषय निघाला. शेजारचे वसंतभाऊ म्हणाले, "सरकार आधीच तुटीत हाये. कर्ज काढून रस्ते काऊन करा?" माझा भाजीपाला त्याच रस्त्याच्या चिखलातून आर्वीच्या बाजारात जातो. तरी विषय तिथंच बारगळला.

थोड्या वेळानं त्याच वसंतभाऊंनी ठराव मांडला, की परदेशातल्या लढाईत भारतानं सैन्य पाठवावं. टाळ्याच टाळ्या!

मी उभी झाले. "भाऊ, अजून एक ओळ लिहा. या खर्चापायी आपला पांदण रस्ता झाला नाई तरी चालते."

"ताई, देशाच्या गोष्टीत तुमी रस्ता काऊन आणून राह्यल्या?"

"रस्त्याच्या गोष्टीत देशाची तूट तुमीच आणली ना? आता कुठं गेली ते?"

सरपंचांनी माझ्या ओळीसकट ठराव वाचला आणि हात वर करायला सांगितलं. एकही हात वर झाला नाही. वसंतभाऊंचासुद्धा नाही.

दुसऱ्याच्या लढाईत आपली पोरं पाठवू नये, हे माझं मत. तुमचं वेगळं असेल, तर खर्चासकट मांडा.

पुढच्या सभेत रस्त्याचा ठराव मीच मांडणार. तेव्हा कोणाकोणाचे हात वर होतील, बोला?