रानअळंबी आणि पिशवीवाला उंदीर: पाच फरक

आमच्या ऑफिसचे किस्से गोळा करावे लागत नाहीत, न खपलेल्या गाइडांसारखे आपोआप साचतात. मीरा रोडला फरसाणवाल्याच्या वर दोन खोल्या, तिथे आम्ही शाळेच्या मुलांसाठी गाइडं काढतो. 'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न म्हणजे आमचे मालक धुरी सरांचा जीव की प्राण. "कुठल्याही दोन गोष्टींत पाच फरक असतातच." प्रोबेशन संपताना ते दोन डब्यांतून दोन चिठ्ठ्या काढायला लावतात. पाच फरक सुचले तर नोकरी पक्की, नाहीतर नमस्कार.

*

माझ्या आधी लागलेल्या प्रियाला आलं होतं मीठ आणि मांजर. तिने लिहिलं, "मीठ मागायला शेजारी जावं लागतं, मांजर शेजारून स्वतः येतं."

पास.

*

मला आली रानअळंबी, म्हणजे पावसात रानात उगवणारं मशरूम, आणि ऑस्ट्रेलियातला, पोटाला पिशवी असलेला उंदराएवढा प्राणी. दोघांचे फोटो घेऊन मी नया नगरात झेरॉक्सला गेले. झेरॉक्सवाला बराच वेळ बघत राहिला.

"मॅडम, एक ही फोटो दो बार निकालना है क्या?"

मीही दोन्ही फोटो परत एकदा बघितले.

*

शेजारच्या टेबलावरच्या सावंत मॅडम मूळच्या रत्नागिरीच्या. दुसऱ्या दिवशी त्या डब्यात अळंबीची भाजीच घेऊन आल्या. काशीगावाजवळ हायवेला कुणी बाई विकत होती म्हणे.

"बघून लिही गो."

डब्याचं झाकण टक करून उघडलं तरी मी दचकले. "विषारी असली तर?"

"तर एक मुद्दा वाढेल."

*

त्याच दुपारी सरांनी कागद तपासला. चार फरक पटले. पाचवा मी लिहिला होता, 'प्राणी घाबरला की पळतो, अळंबी जागची हलत नाही.'

"घाबरून जागीच थिजणारे प्राणीही असतात," सर म्हणाले.

मी जागची हललेही नाही.

"हे बघ, उदाहरण समोरच आहे." आणि काट मारली.

*

"पाचवा सुचला तर सांग, नाहीतर राहू दे," असं म्हणत सर सावंत मॅडमच्या डब्यातली भाजी चमच्याने संपवत होते. मॅडमनीच पुढे केली होती. मला दुसरं काही सुचेना. मी लिहिलं, '५. रानअळंबी सरांनी खाल्ली आहे. पिशवीवाला उंदीर खाल्लेला नाही.'

सरांनी वाचलं. चमचा थांबला.

"मॅडम, तुम्ही नाही घेतलीत?"

"नाही."

"का?"

मॅडमनी टोपण काढून पेन सरांच्या हातात दिलं.

"आधी हिच्या कागदावर सही करा, मग सांगते."