तोरोरोईचे डोळे

...तर टोपी जळाली इथवर काल आलो होतो आपण. पण ती का जळाली, ते राहिलंच की!

एलिसेर आमच्या गावचा न्हावी. त्याच्या दुकानासमोर शाळेची भिंत. तिच्यावर गावाचा पक्षी रंगवायचं ठरलं आणि एलिसेर हट्टाला पेटला: रंगवायचा तर तोरोरोईच. पोपट शेजारच्या गावानं आपला पक्षी म्हणून कधीच पळवलाय! रंगारी नेवार्दो म्हणाला, "मग फोटो आण. डोळे स्वच्छ दिसले पाहिजेत. रविवारी संध्याकाळपर्यंत नाही आला, तर मी पोपट रंगवून मोकळा."

आता तोरोरोई म्हणजे लांब काड्यांवर उभा केलेला बटाटा. राहतो बांबूच्या काळोखात. एलिसेरच्या कॅमेऱ्याची लेन्स चांगली हातभर लांब, पण अंधारापुढे तिचं काय चालणार? त्यानं कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश चढवला. उजेड लांबवर जावा म्हणून बायकोचं, एडिल्माचं, वाचायचं भिंगाचं पान, म्हणजे अक्षरं मोठी दाखवणारा प्लास्टिकचा चपटा तुकडा, फ्लॅशपुढे बांधलं. उजेड पोचला, पण दर फोटोत डोळ्यांच्या जागी दोन निखारे!

"अहो, हा पक्षी की सैतान?" तव्यावरचा अरेपा, म्हणजे मक्याची भाकरी, उलटत एडिल्मा म्हणाली. "आणि माझं भिंग कधी देताय? आठवडाभर बायबलातलं शुभवर्तमान अंदाजानं वाचतेय मी!"

"फ्लॅश लेन्सला चिकटून आहे ना," एलिसेर करवादला, "उजेड डोळ्यात शिरतो नि तसाच माघारी येतो. वर उचलायला हवा."

रविवारी सकाळी त्यानं फ्लॅश काठीला बांधून हातभर वर नेला, वायर जोडली. धुकं ठिबकत होतं, म्हणून फ्लॅशवर आपली गवती टोपी घातली नि बसला दबा धरून. पक्ष्याचा पत्ता नाही. पायांना मुंग्या आल्या. मग धुकं फाटलं, समोरून ऊन आलं ते थेट फ्लॅशपुढच्या भिंगावर, नि तिथून एकवटून आत. कुठंतरी जळकट वास आला; एलिसेरला वाटलं, कुणीतरी कॉफी करपवली.

तेवढ्यात तोरोरोई टुणकन बाहेर! उभा राहिला, मान वळवून रोखून बघू लागला. एलिसेरनं बटण दाबलं. खट्! उजेडच नाही. वर बघतो तर टोपीतून धूर, आणि फ्लॅशचं तोंड वितळून मेणासारखं ओघळलेलं. फोटोत नुसता काळोख.

संध्याकाळी नेवार्दो रंगाचे डबे घेऊन हजर. फोटो बघून म्हणाला, "डोळे कुठायत, बाबा? ही तर रात्र आहे. पोपट काढू ना मग?"

एलिसेर म्हणाला, "काढ पोपट! पण पाठमोरा काढ. उरलेला जन्म दाढ्या करताना मला त्याचं तोंड बघायचं नाही."