इंजिनावरची काजळी

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून इथे मोकळा होतो.

कोथरूडच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी वाफेच्या जमान्यातलं छोटं रेल्वे स्टेशन बांधतोय. चार रविवार घालवून इंजिनावर काजळी आणि गंज रंगवला होता. अगदी हुबेहूब!

आज ऑफिसमधून येऊन बघतो तर इंजिन नव्या पातेल्यासारखं लखलखतंय. शेजारी आमचे सासरे, हातात माझ्याच थिनरचा बोळा.

सासऱ्यांवर ओरडता येत नाही, हीच तर पंचाईत. तरी म्हणालो, "अहो बाबा, ती घाण नव्हती, मुद्दाम रंगवली होती. खरं इंजिन असंच दिसायचं."

"कुणी सांगितलं?"

मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. सासरे तरुणपणी अशाच इंजिनावर फायरमन होते. फोटो बघून शांतपणे म्हणाले, "जावईबापू, हे भंगारात काढलेलं इंजिन आहे. आमचं इंजिन पुसल्याशिवाय आम्ही निघत नव्हतो."

म्हणजे चार रविवार मी भंगार रंगवत होतो! खऱ्या इंजिनात कोळसा घातलेला माणूस शेजारच्या खोलीत राहतो आणि मी इंटरनेटला विचारत बसलो.

सांगा, आता चिडायचं तरी कुणावर?