कटाऊटमधली काडी

“मले भेव लागून राह्यलं जी,” असं गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगणारा मिस्त्री तुम्ही कधी पाहिलाय? आपण पाहतो ते सगळे ‘होऊन जाईल, काळजी नका करू’ म्हणणारे. हा गृहस्थ मोटारसायकलची सीट उचलायचा, आतल्या वायरी बघायचा आणि आधी आपली भीती जाहीर करायचा. मगच पान्याला हात.

अकोल्याला त्याची टिनाची टपरी होती. हसणारे पुष्कळ हसत, पण वायरिंगचं काम निघालं की गाडी ढकलत त्याच्याकडेच आणत. मीही त्यांतलाच. मी हिवताप खात्यात होतो आणि खेड्यापाड्यांच्या फिरतीसाठी मला सरकारी मोटारसायकल मिळाली होती. एकदा तिची बॅटरी भरेना. त्यानं सीटखालची काळी डबी उघडून मला समोर बसवलं.

“हे पाहा साहेब. डायनमो म्हंजे मोट. बॅटरी म्हंजे हौद. मोट चालली का हौद भरते. पन मोट थांबली तं हौदातलं पानी उलटं विहिरीत जाईन का नाई? म्हून हा कटाऊट. मधातलं दार. इंजन थांबलं का हे दार आपोआप बंद होते.”

“आणि नाहीच झालं तर?”

“तं सारी बॅटरी उलटी वाहते. वायर तापते. आन् वायर जाते कुठून? पेट्रोलच्या टाकीखालून.” एवढं बोलून तो माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू दोष माझाच होता.

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. एक मोडका कटाऊट घरी नेऊन त्यानं तो महिनोन्महिने उघडला आणि जोडला होता. पूर्वी म्हणे तो मोठं काम हाती घेताना गाडीपुढे नारळ फोडायचा. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर तेही सुटलं. “आता भेवबी आपलंच आन् तपासनंबी आपलंच,” म्हणायचा. आणि तपासायचा तरी किती! स्वतः आवळलेला स्क्रू तीन-तीनदा आवळायचा. मी घाई केली की म्हणायचा, “तुमी चाय पिऊन या.”

डायनमो तपासायची त्याची एक रीत होती. इंजिन बंद ठेवून डायनमोची साखळी काढायची आणि कटाऊटचं ते दार मुद्दाम दाबून धरायचं. बॅटरीच्या जोरावर डायनमो गरगरला तर तो धडधाकट. दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून दारात तो आगपेटीची एक काडी खोचायचा. विसरायला नको म्हणून ती काडी लाल रंगवलेली. तपासणी झाली की बॅटरीची वायर सोडून साखळी परत चढवायची आणि काडी कानामागे. ती कानामागे दिसली की काम संपलं असं आम्ही समजायचो.

कापसाचे दिवस होते. दुपारी मी टपरीत गप्पा मारत उभा होतो. बार्शीटाकळीचा एक तरुण शेतकरी आपली गाडी घेऊन नुकताच गेला होता. बोलता बोलता मिस्त्रीनं कान खाजवला आणि त्याचा हात तिथंच राहिला.

“काडी नाई,” तो म्हणाला.

त्यानं खिसे उलटे केले, हत्यारांची पेटी जमिनीवर पालथी केली, गुडघ्यांवर बसून माती चाचपली. काडी कुठंच नव्हती. त्याचे ओठ पांढरे पडले होते. “साहेब, चालत राह्यला तं काई होत नाई. थांबला का गेला!”

मी गाडीला किक मारली. तो मागे बसला.

रस्ताभर कापसाच्या बैलबंड्या समोरून येत होत्या. मी वेग कमी केला की त्याची बोटं माझ्या खांद्यात रुतत. “कुठी चाय प्याले थांबला नसंन ना जी? थांबू नको रे बाप्पा, थांबू नको...” त्याच्या तोंडून बाप्पाचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. मीही घाबरलो होतो, लपवत नाही. माझ्या गुडघ्यांमध्येही पेट्रोलची टाकीच होती आणि तिच्याखालची वायर त्याच्याच हातची होती.

“मिस्त्री, तिथं काडीचं सांगू नका,” मी ओरडून म्हणालो. “बॅटरी बिघडली म्हणा.”

त्या शेतकऱ्याचं घर मिस्त्रीला ठाऊक होतं, गावाच्या तोंडाशीच. तो तरुण अंगणात पाय धूत होता. आम्हाला बघून हसला. गाडी त्यानं उन्हातून काढून पहिल्या खोलीत लावली होती. खोलीत आढ्यापर्यंत कापूस. कापसावर त्याची चार वर्षांची पोरगी झोपलेली. आणि टाकीखालून निघणारी धुराची बारीक रेघ. जळक्या रबराचा वास मला दारातच आला.

“पोरगी उचला!” मिस्त्री किंचाळला. “साहेब, पोरगी उचला!”

मी कापसात शिरलो. पाय मांड्यांपर्यंत आत जात होते, वर चढता येईना. कसाबसा हात पोचला. पोरगी ओढून पोटाशी धरली आणि बाहेर धावलो. मागं पाहिलं तेव्हा त्यानं ती तापलेली वायर उघड्या हातानं धरून हिसडून तोडली होती. त्याच हातानं तो गाडी अंगणात ढकलत होता.

पोरगी जागी होऊन रडायला लागली. मी तिला अंगणात खाली ठेवलं.

“काय झालं, मिस्त्री?” तरुणानं विचारलं.

“माही काडी राह्यली डबीत. माह्या हातानं तुमचं घर जळत होतं,” तो म्हणाला.

तरुणानं गाडीकडे पाहिलं, कापसाकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं. मग मिस्त्रीचा हात धरून पाण्याच्या बादलीत बुडवला. तळहाताची कातडी सुटली होती. आम्ही निघताना तो एवढंच म्हणाला, “हात बरा झाला का गाडी तुमीच करा.”

महिन्यानं मिस्त्रीनं ती केली. सगळी वायर नवी टाकली, टाकीखालून न नेता गाडीच्या सांगाड्याच्या खालच्या नळीला बांधून नेली. त्यानंतर मात्र त्यानं कटाऊटला हात लावला नाही. बल्ब बदलायचा, भोंगे दुरुस्त करायचा. भीती वाटते असंही म्हणेनासा झाला. मला त्याची काळजी वाटायची, पण मी विचारलं नाही.

पुढं माझी बदली अमरावतीला झाली. धारणीकडच्या फिरतीत महिने जायचे. तो तापानं गेल्याचं मला फार उशिरा कळलं. अकोल्याला त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं पाणी दिलं आणि विचारलं, “साहेब, आमाले पोरगी नाई. दोनी पोरंच. मंग तापात ते ‘पोरगी उचला, पोरगी उचला’ काहून म्हनत होते जी? तीन दिवस तेच. मले काई समजलं नाई.”

घरी त्यानं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. पोरगी आता शाळेत जाते, हेही सांगितलं.

तिनं पदर तोंडाला लावला. “तुमी त्या टायमाले असते तं बरं झालं असतं,” ती म्हणाली. “उचलली म्हून त्याईले सांगतलं असतं.”