वाघोबासाठी एक खोली

तुमच्या देवाला भेटायला तुम्ही कधी हॉटेलात खोली घेतली आहे का?

आम्ही घेतली आहे. शहापूर-मुरबाड रस्त्याच्या आत, जिथं पाळणे आणि पाण्याच्या घसरगुंड्या आहेत, तिथलं ते मोठं हॉटेल तुम्ही जाहिरातीत पाहिलं असेल. दारात फायबरचा वाघ आहे, दर थोड्या वेळानं डरकाळी फोडतो. लोक मला विचारतात, तू तिथं राहिलीस ना, सांग, पैसे वसूल होतात का? या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देता येत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आधी आमच्या घराबद्दल थोडं. बाबा लाल झेंड्याच्या संघटनेत होते. सभेहून येताना ते खाऊ आणायचे नाहीत, पत्रकं आणायचे. बालवाडीत बाकीची मुलं कमळ, बदक शिकत होती तेव्हा मी ‘जाहीर निषेध’ वाचायला शिकले. पाड्यावर कोणाला काही वाचून हवं असलं की मला ओट्यावर उभं करायचे. मी घसा फोडून वाचायची आणि शेवटी सगळे ‘झिंदाबाद’ म्हणायचे, मग ते मजुरीबद्दल असो की पोलिओच्या डोसाबद्दल.

याच बाबांकडं पाड्याच्या बारशीचा मान आहे. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस येते. त्या दिवशी गुराखी वाघोबाच्या दगडापाशी जमतात, तीन धोंड्यांची चूल मांडतात, नव्या तांदळाची खीर शिजवतात. कोणीतरी एक वाघ होतो. कोळशाचे आणि चुन्याचे पट्टे ओढलेल्या त्या वाघाला सगळे घेरतात आणि विचारतात, येशील का आमच्या शिवारात? तो म्हणतो, नाय येणार. मग त्याला गावाच्या शिवेपर्यंत पिटाळायचं आणि पहिली खीर त्यालाच द्यायची. हे झाल्याशिवाय आमच्या पाड्यावर नवा तांदूळ शिजत नाही. संघटनेतल्या एका शहरी कार्यकर्त्यानं बाबांना एकदा विचारलं होतं, तुम्ही लाल झेंड्याचे, तुम्हाला हे कसं चालतं? बाबा म्हणाले, “वाघानं कधी कुणाची जमीन नाय लाटली.”

वाघोबाचा दगड ऐनाच्या झाडाखाली आहे. त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य, सगळं शेंदरानं माखलेलं. जमीन कोणाच्या नावावर होती ते आम्ही कधी विचारलं नाही. वाट आमच्या पायांची होती. मग ती जमीन विकली गेली, कुंपण आलं, आणि ऐनाचं झाड हॉटेलच्या बागेत गेलं.

त्यानंतरच्या पहिल्या बारशीला आम्ही पाड्यावरचे सगळे मोठ्या दारापाशी गेलो. दारावरचा सुरक्षारक्षक टोकावड्याकडचा, बाबांना ओळखणारा. तो म्हणाला, “तात्या, तिकीट काढून पार्कात जाता येईल. पण दगड हॉटेलच्या बाजूला हाय. तिथं फक्त राहणारे पाहुणे.” हे बोलताना तो बाबांकडं पाहत नव्हता. खिरीचं पातेलं तसंच परत आलं.

त्या वर्षी बारस झाली नाही. बाबांनी कोणावर सक्ती केली नाही; म्हणाले, तुमी खा. पण पिढ्यांची बारस आपल्या हातून मोडली हे त्यांना लागलं होतं. स्वतः ते वर्षभर नव्या तांदळाला शिवले नाहीत. आपल्या वावरात पिकलेलं भात कणगीत, आणि ताटात रेशनचा तांदूळ. आईनं त्यांच्यासाठी वेगळं शिजवायला सुरुवात केली, मग तिलाही नवा तांदूळ गिळेना. मी पत्रक काढलं. अर्ज दिले. पत्रक चांगलं झालं होतं, सगळे म्हणाले. वाट बंदच राहिली.

दुसरी बारस जवळ आली तेव्हा मी मुरबाडला नोकरीला लागले होते. मी खोली घेतली. दिवाळीच्या तोंडावर तिथला भाव काय असतो ते इथं लिहीत नाही. बाबांनाही सांगितलेला नाही. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, “म्हंजे आता आमी पाहुणे?”

“हो,” म्हटलं, “राहणारे पाहुणे.”

“मग चला. पाहुण्याला कोण अडवतो बघू.”

आईनं पातेलं, पळी, नवे तांदूळ, गूळ, कळशीभर दूध आणि पळसाची पानं घेतली. दारावर तोच रक्षक. त्यानं पिशवी उघडून पाहिली आणि हळूच म्हणाला, “काकी, बाहेरचं खाणं आत नाय नेता येत.”

“खाणं कुठं हाय? तांदूळ हायेत ते. कच्चे कोण खातं, तू खातोस?”

“आणि दूध?”

“चहाला. तुमच्याकडचं पावडरीचं असतंय म्हने.”

तो हसला आणि त्यानं आम्हाला सलाम ठोकला. असा सलाम तो रोज शंभर गाड्यांना ठोकत असेल. त्या दिवशीचा मला वेगळा वाटला.

आता हॉटेलचं सांगते, आणि खरं सांगते. गादी उत्तम आहे. न्हाणीघरात गरम पाणी धबाधबा येतं. बाबांनी गुडघ्यांवर इतका वेळ पाणी घेतलं की आईनं दार वाजवलं. काचेची लिफ्ट आहे. आई तिच्यातून वर गेली, खाली आली, परत वर गेली आणि म्हणाली, “माझ्या बापाचं शेत दिसतं गो इथून.” दिसत होतं खरंच. जेवणात ‘गावरान’ नावाचा एक कोपरा आहे. तिथली भाकरी आईनं बोटानं दाबून पाहिली, थापणाऱ्या बाईकडं पाहिलं आणि विचारलं, “तू किन्हवलीची ना? मग अशी का थापतीस?”

“साहेब म्हणतो, एकसारख्या गोल पाहिजेत. साच्यातनं काढतो आमी, मावशी.”

“घरी पण?”

“घरी कशाला! घरी नवरा मारंल.”

दोघी हसल्या. त्या बाईनं मग आईला मागल्या तव्यावरची, हातानं थापलेली एक भाकरी दिली. ती तिनं स्वतःसाठी केली होती.

असं दिवसभर चाललं. चादर बदलणारी आटगावची निघाली, पाण्याच्या घसरगुंडीवर शिट्टी वाजवणारा आमच्याच शाळेतला. बागेला पाणी घालणारी बाई तर पाड्यावरचीच, माझी चुलत मामी. त्या हॉटेलचा मालक कोण ते मला ठाऊक नाही. ते चालतं कोणाच्या हातांवर, ते मात्र मी दिवसभर पाहिलं आणि माझी मान ताठ झाली.

दुपार कलली तसे आम्ही ऐनापाशी गेलो. दगडाभोवती पांढरे गोटे अंथरले होते, दिव्याचा झोत सोडला होता, आणि पाटी होती: ‘प्राचीन व्याघ्रशिला – इथे फोटो काढा’. शेंदूर घासून काढला होता. चुलत मामी नळी हातात धरून उभी होती. “मला घासायला लावला,” ती म्हणाली. “मी घासताना माफी मागत हुते.”

बाबांनी तेलात शेंदूर कालवला. त्यांनी आधी वाघ माखला, मग चंद्र, मग सूर्य. नंतर त्याच पांढऱ्या गोट्यांतले तीन मोठे उचलून चूल मांडली. आईनं काटक्या पेटवल्या.

धूर दिसताच मॅनेजर धावत आला. तरुण होता, माझ्याच वयाचा, टाय लावलेला. “सर, प्लीज, इथं आग लावता येत नाही.”

“मी सर नाय,” बाबा म्हणाले. “मी पाहुणा.”

“तेच, सर. पाहुण्यांच्या सुरक्षेसाठीच.”

आईनं हिरवळीच्या पलीकडं हात केला. तिथं सळयांवर कोंबड्या भाजत होत्या. “ती आग शिकलेली हाय का?”

आणि मग मी पिशवीतून खोलीतलं रंगीत माहितीपत्रक काढलं. चकचकीत, घडीचं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं, ओट्यावर वाचायची त्याच आवाजात: “आमच्या निवासी पाहुण्यांसाठी संध्याकाळी बागेत शेकोटीचा आनंद!” आजूबाजूचे पाहुणे वळून पाहू लागले होते. एका आजोबांनी टाळ्याही वाजवल्या. मॅनेजरनं पत्रक हातात घेऊन वाचलं, जणू ते कुठल्या दुसऱ्याच हॉटेलचं होतं. मग तो म्हणाला, “लहानच ठेवा,” आणि पाण्याची बादली मागवून स्वतः शेजारी उभा राहिला. हे मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवते.

कुंपणाच्या पलीकडं, ओढ्याच्या बाजूला, आता पाडा जमला होता. गुरं घेऊनच आले होते. तारेच्या या बाजूला आम्ही तिघं, त्या बाजूला सगळं गाव. खीर उकळायला लागली आणि बाबा थांबले. “वाघ कुठंय?”

आमच्याकडं माझ्या लहानपणापासून वाघ होतो तो माझा काका, बाबांचा धाकटा भाऊ. तो याच पार्कात कामाला आहे. वाघाचा मोठा, केसाळ पोशाख घालून तो मुलांशी हात मिळवतो. मुलाखतीत त्याला अनुभव विचारला तेव्हा तो म्हणाला होता, “वाघाचाच हाय, साहेब.”

तो आला. धावत, हिरवळीवरून, पोशाखातच, कारण सुट्टी थोडीच होती. पाहुण्यांसमोर डोकं काढायचं नाही असा तिथला नियम. मागं चार-पाच पोरं लागलेली, त्यांना वाटलं खेळ आहे. काका दगडापुढं गुडघ्यावर बसला आणि त्यानं ते प्रचंड पिवळं डोकं टेकवलं.

बाबांनी विचारलं, “येशील का आमच्या शिवारात?”

आतून काहीतरी घुमलं.

“हा बोलंना,” आई म्हणाली. “वाघाचा घसा बसला का?”

“वयनी, आत जीव चाललाय माझा!”

तारेपलीकडं हशा उसळला. मग पाडाच ओरडला, एका आवाजात: “येशील का आमच्या शिवारात?”

“नाय येणार!” काका सगळ्या ताकदीनं ओरडला.

“गुरावासरावर डोळा ठेवशील का?”

“नाय ठेवनार!”

“मग पळ!”

तो पळाला. बाबा मागं, ते गुडघे विसरून. आई हातात पळी घेऊन. पाहुण्यांची पोरं किंचाळत. कुंपणाच्या आतून तो धावत होता आणि बाहेरून पाडा त्याच्याबरोबरीनं धावत होता, गुरांच्या घंटा वाजत होत्या. सळयांजवळचा आचारी, शिट्टीवाला, किन्हवलीची भाकरीवाली, सगळे कामं टाकून आले. गणवेशातली ती माणसं ऐनाखाली रांगेनं उभी राहिली आणि त्यांनी हात जोडले. दाराकडून तो फायबरचा वाघ डरकाळी फोडत होता. त्याच्याकडं कोणी पाहिलं नाही.

पहिली खीर काकाला. त्यासाठी मॅनेजरनं पाठ वळवली आणि काकानं डोकं काढलं. मग तारेवरून द्रोण पलीकडं गेले. मग बाबा खाली बसले. वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी आपल्या वावरातला तांदूळ तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले. “गूळ कमी पडला,” म्हणाले. आईनं डोळे पुसले ते धुरामुळं, असं तिचं म्हणणं.

सकाळी मॅनेजर खोलीवर आला. फार छान झालं, पाहुण्यांनी कौतुक केलं, पुढल्या वर्षी आपण स्टेज बांधू, दिवाळी पॅकेजमध्ये घेऊ, तुम्हा लोकांना मानधनही देऊ. बाबा चहा पीत होते, आमच्याच दुधाचा. “साहेब, त्यो देव हाय, कार्यक्रम नाय. आमाला स्टेज नको. वाट पायजे.”

यंदाच्या बारशीला ओढ्याच्या बाजूला कुंपणात एक लहान दार निघालं. आम्ही खोली न घेता, गुरांसकट, आमच्या पायांनी आत गेलो. शेंदूर जागेवर होता. चुलत मामीनं वर्षभर घासायला ठाम नकार दिला होता. बाबांनी दाराची कडी हातात घेऊन दोनदा लावून-उघडून पाहिली, नव्या गोठ्याची पाहावी तशी. पण दुसऱ्या दिवशी त्या दाराला कुलूप लागलं. वर्षाचे बाकीचे दिवस ते बंद असतं. म्हातारी माणसं तारेतून हात जोडून जातात.

तर पैसे वसूल होतात का? माझे झाले. गादीचे वेगळे काढले तरी झाले. मी त्या खोलीच्या भाड्यात माझ्या बापाला एक घास विकत घेऊन दिला, आणि त्याबद्दल मला अभिमान आहे. तो घास विकत घ्यावा लागला, याबद्दल मी अजूनही संतापलेली आहे. दोन्ही एकाच पोटात राहतात.

तुमचे वसूल होतील की नाही, ते तुमच्या हातात आहे. जा, खुशाल जा. लिफ्टमध्ये बसा, आईच्या बापाचं शेत बघा, मागल्या तव्यावरची भाकरी मागा. फक्त खोली घेताना, पैसे देण्याआधी, काउंटरवर एक प्रश्न विचारा: “वाघोबाचं ओढ्याकडचं दार आज उघडं आहे का?” नाही म्हणाले तर म्हणा, ते उघडा, मग आम्ही येतो. आमचं पत्रक त्यांनी वाचलं नाही. तुमचं ते ऐकतील, कारण तुम्ही पाहुणे आहात. तेवढं विचारा.