वाटेत सावंतवाडी

अरविंद धोंड यांनी उभ्या आयुष्यात लॉजला एक पैसा दिला नव्हता, आणि याचा त्यांना कोण अभिमान! नाशिकला मामेभाऊ, पुण्याला मावशी, हुबळीला चुलत्यांचं घर. ज्या गावात आपलं माणूस नाही ते गाव बघण्यासारखं नाही, असाच काहीसा त्यांचा खाक्या होता. तिरुपतीला कुणी नातेवाईक निघेना, म्हणून बालाजी बिचारा राहूनच गेला. त्यांच्या बायकोने, शकुंतलेने, हे लग्नापासून पाहिलं होतं. सहल म्हणजे तिच्या लेखी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटणं.

म्हणून पंच्याण्णव सालच्या मार्चमध्ये बँकेने प्रवासभाडं मंजूर केलं आणि अरविंदराव सुरतेतल्या अडाजणच्या घरी जेवणाच्या टेबलावर रेल्वेचं टाइमटेबल पसरून बसले, तेव्हा तिने आधीच सांगून टाकलं, "यंदा समुद्र. गोव्याला, कोळव्याला. एकच जागा, सहा दिवस. मला पाण्यासमोर बसायचंय आणि काही म्हणजे काही करायचं नाहीये."

"बसायचंच असेल तर डुमस काय वाईट आहे? रिक्षाने जाता येतं."

"पप्पा, डुमस नहीं चाले!" मुलगी प्राजक्ता आतून ओरडली. ती सुरतेतच जन्मलेली. भांडायचं झालं की गुजरातीतच भांडायची. आणि तिचंही खरंच होतं. डुमसला काळ्या वाळूत उभं राहून भजी खायची असतात, पाणी बघायचं नसतं.

अरविंदराव हसले आणि कामाला लागले. आखणीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. आठवडाभर कागदावर खाडाखोड करून त्यांनी बेत तयार केला. मुंबईला काकांकडे मुक्काम. मग सावंतवाडीला थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे, दोन दिवस. फोंड्याजवळ कुलदेवीला अभिषेक, एवढ्या लांब जाऊन देवीला टाळायचं कसं? पणजीला आतेबहीण, ती रागावेल. परतीला पुन्हा सावंतवाडी. कोळव्याचा समुद्र शुक्रवारी जेवणानंतर, पाचच्या बसपर्यंत.

शेजारच्या जसुबेन दही मागायला आल्या होत्या. त्यांनी बेत ऐकून घेतला आणि शकुंतलेला विचारलं, "शकुबेन, फरवा जाओ छो के सगां गणवा?"

फिरायला जाताय की सगेसोयरे मोजायला, या टोमण्यावर शकुंतला हसली नाही. तिचं बोट सावंतवाडीवर होतं.

"काका चालतील, देवी चालेल," ती म्हणाली. "पण मी त्या घरात पाय ठेवणार नाही. तुम्हाला जायचं तर जा. मी आणि प्राजक्ता इथेच राहतो. समुद्र नको नि काही नको."

मागच्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची बातमी फुटली, तेव्हा निम्मं शहर एका रात्रीत रिकामं झालं होतं. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब, स्टेशनवर मुंगी शिरायला जागा नाही. अरविंदरावांनीही बायकोला आणि मुलीला घेऊन मुंबईची गाडी पकडली, तिथून एसटीने सावंतवाडी. सकाळी अंगणात उतरले, तर आक्का पायरीवरूनच म्हणाल्या, "थंयच थांबा." त्यांना घरात घेतलं नाही. मागच्या बाजूला गवत-लाकडं ठेवायचा मांगर होता, तिथे चटई टाकून दिली. जेवण केळीच्या पानावर, लांबून. आणि चहा करवंटीत.

कोकणात करवंटीत चहा कुणाला देत आले, हे शकुंतलेला चांगलं माहीत होतं. लहानपणी माहेरच्या अंगणात तो तिने स्वतःच्या हातांनी दिला होता, आणि तेव्हा तिला त्यात काहीही वाटलं नव्हतं. मांगरात बसून ती करवंटी ओठाला लावताना मात्र तिला लाज वाटली, आधी स्वतःची आणि मग त्या सगळ्या जुन्या अंगणाची. आपल्यावर दोन दिवस आलं तर एवढं झोंबतं, ज्यांनी जन्म काढला त्यांचं काय झालं असेल? हा विचार तिला नंतरही सोडेना. पण म्हणून आक्कांचा राग कमी झाला असं नाही.

तिसऱ्या दिवशी तिघं परत आली. प्लेगच्या सुरतेत तिला मोकळा श्वास आला, हे सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही.

आणि अरविंदराव? "आक्का घाबरली होती बिचारी," एवढं बोलून त्यांनी विषय मिटवला होता. सहा महिने झाले, त्यावर चकार शब्द नाही. दिवाळीला आक्कांना नेहमीसारखी मनिऑर्डर गेली. शकुंतलेला वाटे, या माणसाला काही लागतच नाही. बहीण ती बहीण, बायको शेवटी परकी. आक्कांच्या वागण्यापेक्षा तिला हेच जास्त सलत होतं.

आताही ते तेच म्हणाले. "अगं, किती दिवस धरून बसशील? तिच्या दारावरून गाडी जाणार आणि आपण उतरायचं नाही? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी मांगरातही पाहिलं होतं आपल्याला."

अरविंदरावांनी टाइमटेबल मिटलं. सोमवारी रिझर्वेशन काढायचं होतं. रविवारी सकाळी त्यांनी चप्पल घातली आणि म्हणाले, "खाली फोन करून येतो. तूही चल."

चौकातल्या एसटीडी बूथचं दार नीट लागत नसे. आक्का फोनवर बोलत त्या सावंतवाडीहून सुरतेला नुसत्या आवाजानेच पोचायचं असल्यासारख्या. दाराशी उभ्या असलेल्या शकुंतलेला शब्दन्‌शब्द ऐकू येत होता. बहीणभाऊ नेहमीसारखे मालवणीतच बोलत होते.

"गोव्याक येतास? मगे किती दिस रवतलास माझ्याकडे?"

"नाय आक्का. आमी परस्पर कोळव्याक जातलों. हॉटेलात रवतलों."

शकुंतलेने चमकून पाहिलं. हे त्यांनी घरी सांगितलं नव्हतं.

"हॉटेलात? माझा घर असताना?"

अरविंदरावांनी भिंतीकडे तोंड केलं. "घर तेव्हाही होता, आक्का. आमी मांगरात रवलों. त्या दिवशी चेडवाच्या, प्राजक्ताच्या तोंडाकडे बघूचो धीर नाय झालो माका. मी विसरूक नाय."

त्यांचा आवाज फाटला. शकुंतलेने आजवर तो असा कधी ऐकला नव्हता. म्हणजे सहा महिने हा माणूस शेजारी निजून तेच गिळत होता, आणि आपण त्याला दगड समजत होतो. तिला रडू आलं. रागही आला, बोलायला काय झालं होतं मेल्याला?

पलीकडून आक्का बोलल्या, आवाज इतका खाली आणून की शकुंतलेला आत सरकून ऐकावं लागलं. "मी रोगाक भियूक नाय रे. शेजाऱ्यांक भियालंय. वाळीत टाकतीत म्हणान." आणि थांबून, "मी येव त्या हॉटेलात? एक दिस. होया तर दारातच उभी कर माका."

अरविंदरावांनी वळून रिसीव्हर बायकोपुढे धरला.

तिने घेतला. सहा दिवसांतला एक दिवस जाणार, हे आधी तिच्या लक्षात आलं. मग ती म्हणाली, "या आक्का. आमच्याकडे दारात कुणाला उभं करत नाहीत."

बोलून गेल्यावर तिला वाटलं, जरा जास्तच लागलं असेल. पण शब्द मागे घ्यावेत असं काही वाटलं नाही. पलीकडे आक्कांनी नाक ओढलं.

"येतंय," त्या म्हणाल्या.